गाडीचा आवाज काढून दाखव

आबांचा फोन आला की पहिला प्रश्न गाडीचा. आणि तो मला नाही, दाजींना.

"पाव्हणं, गाडी बरी हाय न्हवं?" आबा तिकडून विचारायचे. दाजी इकडे कामोठ्यात सोफ्यावर मांडी घालून, घरातल्या म्हाताऱ्या माणसाची तब्येत सांगावी तसं सांगायचे, बरी आहे, कालच हवा चेक केली, चेन जरा ओढून घेतली. मग दोघांचं पाऊसपाणी व्हायचं. मग फोन ताईकडे. सगळ्यांचं बोलून झालं, फोन गरम झाला, की तो माझ्याकडे यायचा. मला प्रश्न ठरलेला. जेवलास का.

मी त्या माणसाचा सख्खा मुलगा. दाजी म्हणजे ताईचा नवरा, लग्नातून आलेला माणूस. पण गाडी त्यांच्याकडे, म्हणून आबा त्यांचे. मी ताईच्या घरी हॉलमध्ये गादी टाकून झोपणारा आणि महापेला एका कंपनीत दुपारपासून फोनवर लोकांच्या शिव्या ऐकणारा. माझ्याकडे जेवणाशिवाय विचारण्यासारखं होतं तरी काय.

गाडी बघायला गेलं तर काहीच नाही. शंभर सीसीची जुनी काळी मोटरसायकल, टाकीवरच्या लाल पट्ट्या उन्हानं गुलाबी झालेल्या, सीटला रेक्झिनचं ठिगळ. बटन दाबून चालू व्हायचे लाड नाहीत, किक मारायची. सोसायटीच्या पार्किंगमध्ये चकचकीत स्कूटरींच्या मधे ती उभी असली की नव्या वॉचमनला वाटायचं, कुणीतरी सोडून गेलंय. पण मी त्या गाडीवरून जळायचो. दाजी संध्याकाळी फडकं घेऊन तिची टाकी पुसायला लागले की मला ताटातली भाजी गोड लागायची नाही.

त्याला कारण होतं.

आमच्या तालुक्याच्या गावात आबांची साऊंड सर्व्हिस होती. आत्ताचे डीजे नव्हेत. दोन भोंगे, एक अॅम्प्लिफायर, एक माईक आणि वायरींचं भेंडोळं. लग्न, बारसं, ग्रामपंचायतीची सूचना, सगळं त्यावर निघायचं. आणि हा सगळा कारखाना जायचा त्या मोटरसायकलवरून. टाकीवर मी, मागं ताई, आणि ताईच्या मांडीवर भोंगा, तोंड मागं करून. रस्त्यानं पोरं ओरडायची, कोण मेलं कोण मेलं. कारण आमच्याकडं भोंगा दिसला की लोकांना आधी तेच आठवायचं.

मी आयुष्यात पहिला आवाज काढला तो ह्या गाडीचा. हेडमास्तर, गणिताचे सर, एसटी स्टँडवरची अनाउन्समेंट हे सगळं नंतर आलं, गॅदरिंगला टाळ्या पण त्यावरच मिळाल्या. पण पहिली गाडी. गल्लीत वळताना आबा गिअर कमी करायचे तेव्हाचं घुर्रर्र. मग दारात न्यूट्रल. मग बंद करायच्या आधी ती थोडा वेळ नुसतीच उभ्या उभ्या बोलायची, डुगडुगडुगडुग, आणि त्या डुगडुगीच्या आत एक बारीक टिकटिक, घड्याळाला घाई झाल्यासारखी. डुगडुग कुणालाही काढता येते. टिकटिक जिभेच्या टोकानं टाळूवर काढायची आणि त्याच वेळी घशातून डुगडुग चालू ठेवायची, हे अवघड. मला पाचवीत जमलं.

मग मी गल्लीच्या तोंडाला उभा राहून गाडी आणायचो. घरात आई ती ऐकून चहाचं आधण ठेवायची. आबा यायचे त्यानंतर कितीतरी वेळानं. चहा मी प्यायचो. शेवटी एकदा आईनं दारातून डोकं बाहेर काढलं, गल्लीत गाडी नाही आणि मी गाल फुगवून उभा. तिनं कान धरून आबांपुढं नेलं. आबा म्हणाले, काढून दाखव. मी काढून दाखवला. आबा हसले नाहीत की रागावले नाहीत. माईक टेस्टिंगच्या वेळी ऐकायचे तसे मान तिरकी करून ऐकत राहिले आणि म्हणाले, "टॅपेट बरोबर काढलास." टिकटिक करतो त्या भागाला टॅपेट म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. एवढं कौतुक त्यांनी माझं पुन्हा केलेलं नाही. दहावीच्या निकालाला सुद्धा नाही, अर्थात निकालही तसाच होता.

पुढं डीजे आले आणि भोंगे अडगळीत गेले. आबांच्या गुडघ्यांनी दगा दिला, किक मारवेना. तोपर्यंत ताईचं लग्न होऊन ती कामोठ्याला आली होती. दाजींची नोकरी कळंबोलीच्या लोखंड बाजारात, वजनकाट्यावर. लोखंडाचा ट्रक काट्यावर चढतो, आकडा येतो, दाजी तो आकडा सांगतात. आबा म्हणाले, पाव्हण्यांना कामावर जायला होईल. मी अकरावीत होतो. मी म्हणलं, आणि मला? आबा म्हणाले, लायसन कुठाय तुझ्याकडं.

दाजी टेम्पो घेऊन आले. गाडी वर चढवायच्या आधी त्यांनी एकदा चालू करून बघितली. पहिल्या किकला चालू. अख्खी गल्ली बघत होती, आईनं तर गाडीला आणि दाजींना एकदमच ओवाळलं. टेम्पो वळणावर गेल्यावर मी जातानाचा आवाज काढला, कुणीच वळून बघितलं नाही.

आता अशा माणसाच्या घरात राहायला यायचं म्हणजे बघा. बरं, माणूस वाईट असता तर सोपं होतं. मला जळायला एक धड कारण दिलं नाही त्यांनी. मला कधी मेहुणा म्हणून घालून पाडून बोलले नाहीत, उलट "पाव्हणं, चादर हाय का" म्हणून झोपायच्या आधी विचारायचे. आणि सगळ्यात मोठा त्रास, त्यांची नक्कल करता येत नाही. माझ्या ऑफिसचा टीम लीडर, आमचा वॉचमन, खालच्या किराणा दुकानातले इथल्याच गावातले काका, सगळे माझ्या तोंडात बसलेत. दाजी बसत नाहीत. त्यांचा आवाज वर जात नाही, खाली जात नाही. हातवारे नाहीत. काही विचारलं की जेवढं आहे तेवढं सांगतात, काट्यावरच्या आकड्यासारखं. ताई म्हणायची, कर की रे ह्यांची नक्कल. मी दोन-तीनदा प्रयत्न केला. ताई म्हणाली, हे तर तूच बोलतोयस.

तर ही गाडी एका थंडीत सकाळी चालू व्हायची बंद झाली.

म्हणजे सुरुवातीला एकदम बंद नाही. आधी चार-पाच किका घ्यायला लागली. मग दाजी घामाघूम व्हायला लागले. ढकलून नेली, सोसायटीच्या गेटच्या उतारावर सोडली, की चालू व्हायची, आणि एकदा गरम झाली की दिवसभर शहाण्यासारखी. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. शेवटी दाजींनी तिच्यावर कव्हर टाकलं आणि शेअर रिक्षानं कामावर जायला लागले. तक्रार केली नाही. मी बाल्कनीतून बघत होतो आणि मला, आता काय सांगू, बरं वाटलं. म्हणलं गाडी रुसली. सासर पटेना तिला.

नेमकं त्याच वेळी आबांनी फोनवर विषय काढला. गाडीचं पासिंग संपत आलंय, कागदपत्रं अजून आबांच्याच नावावर, आणि ते म्हणाले, मी आता गुडघे घेऊन तिकडं सह्या करत फिरत न्हाय. एकाच्या नावावर करून टाकतो, मग त्यानं बघावं. स्पीकरवर होतं. ताईनं माझ्याकडे बघितलं.

मी फोन उचलून बाल्कनीत गेलो, दार लावलं आणि विचारलं, "आबा, मी चालू केली तर?"

आबा म्हणाले, "चालू कर. मग बोलू."

आत आल्यावर दाजी म्हणाले, करा की पाव्हणं, पाने कव्हरच्या खाली पिशवीत आहेत. म्हणजे ऐकू गेलंच होतं. आणि वर पाने पण दिले. असा माणूस.

झालं. रोज सकाळी मी पार्किंगमध्ये. आबा फोनवर. आबांकडे साधा बटणांचा फोन, त्यामुळे व्हिडिओ पाठवायचा प्रश्न नाही. पहिल्या दिवशी मी किक मारताना फोन इंजिनजवळ धरला. आबा म्हणाले, काय ऐकू येत न्हाय, नुसती खरखर. मग माझ्या लक्षात आलं. ऑफिसात आम्हाला हेच शिकवतात, फोन माणसाचा आवाज पुढं पाठवतो आणि बाकीचा सगळा कचरा समजून गाळतो. गाडीचा आवाज त्याच्या दृष्टीनं कचरा. पण गाडीचा आवाज माणसाच्या तोंडातून गेला तर?

मी काढून दाखवला. किकचा खर्रर्र-ढब, खर्रर्र-ढब, मधे माझा दम.

"आता ऐकाय आलं," आबा म्हणाले.

मला एवढा आनंद झाला की विचारू नका. म्हणलं बघा, आख्ख्या खानदानात हे काम एकालाच येतं. दाजी टाकी पुसू शकतात. टाकी काय, फडकं पण पुसतं.

आबांनी पहिल्यापासून सुरुवात केली. म्हणाले, पेट्रोल, ठिणगी, हवा, ह्या तिघांतलं कोणतरी कामावर आलेलं न्हाय. मी कार्बोरेटरची नळी काढून बघितली, पेट्रोल धार लावून येत होतं. प्लग काढला, तो ओला आणि काळा. पुसला, पॉलिशपेपरनं घासला, वायरला लावून इंजिनच्या लोखंडाला टेकवला आणि किक मारली, निळी ठिणगी चट्ट पडली. एअर फिल्टर झटकला, त्यातून एवढी धूळ निघाली की खालचे दुकानवाले काका शिंकत बाहेर आले आणि त्यांनी सल्ला दिला, "गारी आरवी कर, पेट्रोल उतरल." मी गाडी आडवी करून पुन्हा उभी केली. पेट्रोल माझ्या पँटवर उतरलं. गाडी गप्प.

दरवेळी आबा विचारायचे, आता आवाज काढून दाखव. मी काढायचो. मधेच त्यांनी विचारलं, किक कशी लागती रं पायाला?

आता ह्या किकची आणि माझी जुनी भानगड. लहानपणी मी तिच्यावर दोन्ही पायांनी उभा राहिलो तरी ती हलायची नाही. आबा एका पायानं दाबायचे तेव्हा मी त्यांच्या पोटरीकडे बघत बसायचो. आणि आता कामोठ्याच्या पार्किंगमध्ये तीच किक माझ्या एका पायाखाली सपकन खाली जात होती. मी म्हणलं, "जमते आबा आता मला. एकदम जमते."

आबांना वाटलं पोरगं मोठं झालं. मलाही तेच वाटलं. आंघोळीला गेल्यावर मी पोटरी आरशात बघितली.

मग एकदा उतारावर ढकलून ती चालू केली. म्हणजे मी ढकलली आणि वॉचमननं ढकलली, आणि मी टुणकन वर बसून क्लच सोडला. तिथंच गेटजवळ ती उभी करून मी आबांना फोन लावला. ते म्हणाले, आता उभ्या उभ्या कशी बोलती ते सांग. मी डोळे मिटले आणि काढला, सगळा काढला, डुगडुगडुगडुग आणि आत टिकटिक, न चुकता, श्वास न तोडता. वॉचमननं टाळी वाजवली.

आबा म्हणाले, अजून जरा चालू ठेव. मग म्हणाले, टॅपेट तर बोलत्यात. म्हणजे वरचं सगळं ठीक हाय. कार्बोरेटरच खोल.

मी कार्बोरेटर खोलला. तो खोलायला सोपा, बसवायला वैताग, एक स्प्रिंग गटाराच्या जाळीपर्यंत उडत गेली. सगळी भोकं पेट्रोलनं धुतली, फुंकर मारली, तोंडाला दिवसभर पेट्रोलची चव, ऑफिसात एका बाईंना कर्जाचा हप्ता समजावताना ढेकर आला तो पण पेट्रोलचा. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गप्प. आबा म्हणाले, चोकची पट्टी बघ. बघितली. प्लग नवीन टाक. टाकला. पेट्रोल जुनं असंल, काढून ताजं भर. भरलं. दाजी रोज सकाळी डबा घेऊन बाजूनं जाताना एकच विचारायचे, "काय म्हणती?" आणि मी म्हणायचो, होत आलंय.

होत काहीच आलं नव्हतं. पण एक सांगतो, त्या दिवसांत आबा रोज माझ्याशी बोलत होते. जेवलास का विचारायचे विसरून गेले होते.

मग रविवार आला. रविवारी दाजी घरी, त्यामुळे फोन पुन्हा स्पीकरवर, सोफ्यावर, सगळ्यांच्या मधे. मी खाली मान घालून सांगितलं की अजून चालू नाही. आबा म्हणाले, ह्यानं सगळं बरोबर सांगितलं, मी सगळं बरोबर बघाय लावलं, मग गाडी का ऐकत न्हाय? आणि मग, काय डोक्यात आलं देव जाणे, म्हणाले, "पाव्हणं, तुमी काढून दाखवा की आवाज."

दाजी लाजले. लग्नात उखाणा घेताना लाजले नव्हते एवढे लाजले. म्हणाले, मला नाही येत ओ आबा, हे पाव्हण्यांचं काम. ताई म्हणाली, काढा हो, घरातलेच आहोत. मला वाटलं, काढू देत, कळू दे सगळ्यांना फरक.

दाजींनी घसा साफ केला, ताठ बसले आणि म्हणाले, "डुग. डुग. डुग. डुग."

आवाज काढला नाही हो. वाचून दाखवला. बाराखडीसारखा.

तिकडे आबा हसायला लागले. हसत हसत खोकायला लागले, आईनं पाणी दिल्याचं ऐकू आलं, पुन्हा हसायला लागले. माझी आख्खी हयात गेली त्या माणसाला हसवण्यात. हेडमास्तर झाले, सरपंच झाले, त्यांच्या स्वतःच्या सासऱ्यांची नक्कल झाली, आबा फक्त मान तिरकी करायचे. आणि ह्यांच्या चार डुगांवर पाणी प्यायची पाळी. मी उठून स्वयंपाकघरात गेलो. तिथं काही काम नव्हतं म्हणून गॅसची शेगडी पुसली.

पण हसणं एकदम थांबलं. मी दारात आलो.

"पाव्हणं," आबा म्हणाले, "आन टिकटिक?"

"टिकटिक नाही करत ती."

"करत न्हाय म्हंजे?"

"बंद करून घेतली की मी. मागं सर्व्हिसिंगला दिली तेव्हा. मेकॅनिकला म्हणलं वरून बारीक आवाज येतो तेवढा काढ. त्यानं आवळून दिलं कायतरी. तेव्हापासून एकदम शांत चालते."

ताईनं विचारलं, का पण? दाजी तिच्याकडे न बघता म्हणाले, अगं, पार्किंग आपल्या खिडकीखालीच. मी पहाटे गाडी चालू केली की तू झोपेत दचकून उठायचीस. एकदा तर आबा आले म्हणून दार उघडायला निघालीस. म्हणलं झोप मोडायला नको.

ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी हे तिला माहीत नव्हतं. मला तर त्या क्षणी दोघांचाही राग आला, कुणाकुणावर जळायचं माणसानं.

आबांनी विचारलं, "आन किक?"

"किक हलकी झालीय," दाजी म्हणाले. "पहिल्यासारखा जोर लागत नाही. लहान पोरगं पण मारेल."

मी माझ्या पोटरीकडे बघितलं.

मग आबांनी समजावून सांगितलं, आणि ते इतकं सोपं होतं की मला रडू येईल असं वाटलं. टॅपेटला केसाएवढी फट लागते. त्या फटीमुळंच ती टिकटिक करतात. फट ठेवली नाही तर खालचा वॉल्व्ह नीट बंद होत नाही आणि इंजिनातला दाब निसटून जातो. कुकरची शिट्टी नीट बसली न्हाय की वाफ जाती, डाळ कच्ची राहती, तसं. आवळल्या आवळल्या कळत नाही, गाडी पळत पळत उरलेली फट पण संपवते. मग थंड इंजिन पकडत नाही. किक हलकी लागते ती त्याचसाठी, आत दाबच नाही. टिकटिक म्हणजे बिघाड न्हवं, आबा म्हणाले, ती गाडी जित्ती असल्याची खूण.

मग ते मला म्हणाले, आणि हे स्पीकरवरच म्हणाले, "तू टिकटिक कुठनं आणलीस रं?"

गेटजवळ मी डोळे मिटून उभा होतो तेव्हा समोर खरी गाडी चालू होती, आणि मी गल्लीतली ऐकत होतो.

"तू मला माझीच गाडी ऐकवत हुतास," आबा म्हणाले. रागानं नाही. पण मला खाली कार्बोरेटर खोलल्याचा प्रत्येक दिवस आठवला.

त्याच दुपारी आम्ही दोघं खाली. आबांनी फोनवर सांगितलं तसं इंजिनच्या डोक्यावरच्या दोन गोल टोप्या खोलल्या. मोजायची पट्टी आमच्याकडे नव्हती. आबा म्हणाले, दाढीचं ब्लेड घ्या. टॅपेटच्या खाली ब्लेड घसटत सरकलं पाहिजे, तेवढी फट. दाजी दाढी सलूनमध्ये करतात, त्यामुळे ब्लेड माझं. त्या गाडीच्या दुरुस्तीत माझं म्हणण्यासारखं तेवढंच होतं. ब्लेड मी धरलं, पाना दाजींनी फिरवला. एकदा जास्त ढिलं झालं, एकदा ब्लेड अडकलं, मग एकदा ते लोण्यातून जावं तसं नाही, तर कागदातून जावं तसं गेलं. आबा म्हणाले, तेच. टोप्या लावा.

दाजी बाजूला झाले. "पाव्हणं, तुमी मारा किक," म्हणाले. "एवढे दिवस मेहनत तुमचीच."

मी सीटवर बसलो. दुकानवाले काका, वॉचमन, वर बाल्कनीत ताई. मी रोजच्यासारखा पाय टाकला आणि किक खाली गेलीच नाही. अर्ध्यात थांबली, आणि उलटी येऊन माझ्या नडगीवर बसली. डोळ्यांपुढं तारे. पुन्हा मारली. पुन्हा परत आली. काका म्हणाले, "आता आली तिच्यात जान." माझ्यातली गेली होती. मी लंगडत उतरलो.

दाजींनी किक बोटांनी हळूच खाली दाबून बघितली, जिथं ती अडते तिथं आणली, आणि मग पाय ठेवून एकदाच मारली.

डुगडुगडुगडुग. आणि आत टिकटिक.

वर ताईनं तोंडावर हात ठेवला. मी नडगी चोळत होतो. मला तो आवाज एवढा ओळखीचा होता आणि तो माझ्या तोंडातून येत नव्हता.

संध्याकाळी आबांनी निकाल दिला. गाडी पाव्हण्यांच्या नावावर. मला म्हणाले, वाईट वाटून घेऊ नगस, त्यांनी हाय तशी सांगितली. मी म्हणलं, नाही वाटत. ताई हसली, कारण ते मी अगदी वाईट वाटणाऱ्या माणसाच्या आवाजात म्हणलं होतं आणि ती नक्कल नव्हती. मग आबा म्हणाले, फोन जरा बाहेर घेऊन जा.

मी बाल्कनीत गेलो. ते म्हणाले, "ती जुनी ऐकवत जा पण. रोज नको. रविवारी."

"कशाला आता? गाडी झाली की चालू."

"ऐकवत जा," आबा म्हणाले, आणि फोन ठेवला.

आता दाजी रोज पहाटे एका किकला जातात. टिकटिक ऐकून मी जागा होतो, ताई पण होते, आता ती म्हणते होऊ दे. मी मात्र कूस बदलतो आणि उशी कानावर घेतो. संध्याकाळी दाजी टाकी पुसतात आणि मला भाजी गोड लागत नाही. बदल काही नाही.

पण गेल्या रविवारी सकाळी आबांचा फोन आला तेव्हा दाजी आंघोळीला होते. मी बाल्कनीत उभा राहिलो, रेलिंगला पाठ लावली आणि गाडी चालू केली. आधी आबांची ती भारी किक, मग घुर्रर्र, गल्लीचं वळण, गिअर कमी, दार, न्यूट्रल. तिकडून आई म्हणाली, चहा टाकू का रे दोघांना. मी नुसता उभ्या उभ्या चालू ठेवला, डुगडुगडुगडुग आणि टिकटिक.

बाथरूमचं दार धाडकन उघडलं. दाजी टॉवेल गुंडाळून, तोंडाला साबण तसाच, हॉलमधून पळत बाल्कनीत आले आणि रेलिंगवरून वाकून खाली बघायला लागले. एका डोळ्यात साबण गेलेला, दुसऱ्यानं पार्किंग शोधतायत.

"कोण घेऊन चाललंय?" ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज वर गेला, आणि कसा जातो ते मी नीट ऐकून घेतलं.

फोनमधून आबांनी विचारलं, काय झालं रं?

मी पहिला गिअर टाकला, आणि गाडी हळूहळू सोसायटीच्या गेटबाहेर नेली.